शिष्यवृत्ती घेऊन गेलेल्यांचा हिशेब कसा मांडावा?

चर्चाप्रस्ताव

परदेशी शिष्यवृत्तीची निवड यादी जाहीर झाली की सत्कार होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. मात्र दहा वर्षांनी त्यांपैकी कोण कुठे आहे आणि कशावर संशोधन करीत आहे, हे विचारायला गेल्यास सहसा उत्तर मिळत नाही. प्रत्येक योजनेने माजी शिष्यवृत्तीधारकांच्या कामाची नोंद ठेवून ती लोकांपुढे मांडावी आणि पाच वर्षांत परतून इथे काम न करणाऱ्याकडून रक्कम वसूल करावी, असे माझे मत आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट हा खासगी निधी १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देते आणि परत आलेल्या पैशातून पुढच्या विद्यार्थ्याची सोय होते. ही शिस्त सार्वजनिक पैशालाही लागू का नसावी?

प्रतिसाद १ : विरोध

नोंद अवश्य ठेवावी, पण मुदतीची अट मला मान्य नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेब आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि त्या बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करण्याचा करार झाला. मुदत संपल्यामुळे लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजूही झाले. तिथे शिपाई विटाळाच्या भीतीने कागद लांबूनच टेबलावर फेकत, आणि ज्या पारशी सराईत त्यांनी आसरा घेतला होता तिथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्या वर्षी कुणी करारपत्र पुढे ठेवून जमाखर्च मांडला असता, तर ही शिष्यवृत्ती वाया गेली असाच शेरा पडला असता! पुढे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. करार मोडला तो त्यांच्या बाजूने नव्हे, त्यांना राहायला जागाही न देणाऱ्या समाजाच्या बाजूने.

प्रतिसाद २ : प्रस्तावाला पाठिंबा

उदाहरण मन हेलावणारे आहे, पण अशा असामान्य माणसावरून सर्वांसाठी नियम ठरवता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीची मुले अक्षरशः जिवाचे रान करतात आणि जागा मात्र थोड्या असतात. ज्याला त्यांतली एक मिळाली, तो मागे राहिलेल्यांचे काही देणे लागतो, हे मान्य करायला नको का?

प्रतिसाद ३ : विरोध

देणे लागते, हे खरेच. ते किती वर्षांत फेडायचे, हा वादाचा मुद्दा आहे. जयंत नारळीकर टाटा शिष्यवृत्तीवर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले, आणि ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले ते १९७२ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षांनी. त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था उभी राहिली १९८८ मध्ये, आणि देशभरातल्या विद्यापीठांतील प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना खगोलशास्त्राची साधने तिथे खुली झाली. पाच वर्षांनी तगादा लावणाऱ्या योजनेने असा संशोधक ऐन उमेदीत मागे ओढला असता.

प्रस्तावकाचे उत्तर

संशोधन चालू असेल तोवर मुदत थांबवावी, ही दुरुस्ती मला मान्य आहे. भेदभावामुळे काम करणेच अशक्य झाले, तर वसुली पूर्ण माफ व्हावी, हेही मान्य. पण जो कायमचा परदेशी स्थायिक होऊन उत्तम कमावतो, त्याच्याकडून रक्कम परत घेण्याचा आग्रह मी सोडणार नाही, कारण त्या पैशात आणखी एका मुलीचे परदेशातले शिक्षण होऊ शकते.