स्वतःसाठी केलेला कोणता मोठा खर्च तुम्हाला सार्थकी लागल्यासारखा वाटतो?

अबोली (प्रश्न)

नमस्कार. मी 52 वर्षांची असून सोलापुरातल्या एका पतसंस्थेत 27 वर्षांपासून नोकरी करते. या महिन्यात आमच्या भिशीत माझा नंबर लागला आणि चाळीस हजार रुपये हातात आले. घराचे हप्ते मार्चमध्ये फिटले आणि मुलगीही पुण्यात नोकरीला लागली, त्यामुळे आलेले पैसे कुठे भरायचे हे आधीच ठरलेले नाही, असे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडले आहे. मुलीने फोनवर बजावले आहे की, यातून मिक्सर, पडदे किंवा पाहुण्यांसाठी गाद्या घ्यायच्या नाहीत. जे घेशील ते फक्त तुझ्यासाठी घे.

माझे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. आम्ही भावंडे पांघरायचो त्या चादरी मात्र कुठेतरी धागा सुटलेल्या, मोराची मान किंचित सरकलेल्या, ‘सेकंड’ म्हणून बाजूला काढलेल्या असायच्या. चांगला माल विकायचा असतो, हे आम्हाला कुणी शिकवावे लागले नाही. ती सवय अंगात इतकी मुरली आहे की, आजही दुकानात गेल्यावर माझा हात आपोआप स्वस्तातल्या वस्तूकडे जातो, आणि कधी महागातली वस्तू घेतलीच तर ती कपाटात जाऊन बसते.

सध्या मनात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे येवल्याची हातमागावरची पैठणी आणि दुसरी म्हणजे माझ्या खोलीत एसी, कारण आमचे घर वरच्या मजल्यावर आहे आणि मे महिन्यात रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. तिसरीही एक गोष्ट आहे, पण ती सांगताना संकोच वाटतो. सोळाव्या वर्षी मी गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा दिली होती. पुढे गाणे सुटले. दोन वर्षांपासून ते पुन्हा सुरू केले आहे आणि मोबाइलवरचा तानपुरा लावून रोज पहाटे अर्धा तास बसते. तेवढ्यासाठी खरा तानपुरा घेणे ही उधळपट्टी होईल, असे घरातले कुणी म्हणत नाही, मलाच वाटते.

आपण स्वतःसाठी केलेला असा कोणता खर्च आहे, जो गरजेचा नव्हता आणि तरीही काही वर्षांनी मागे वळून पाहताना योग्यच वाटतो? कोणता खर्च फसला, हेही कृपया लिहावे.

माळढोक

ताई, एसीबद्दल मला अनुभव आहे म्हणून आधी तेवढेच लिहितो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 ते 44 अंशांपर्यंत जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता रात्री खोलीत सोडत राहतो, त्यामुळे पंखा कितीही वेगात लावला तरी तो गरम हवाच फिरवतो. अशा घरात एसी ही चैन नाही. मी 2018 मध्ये तो घेतला आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा सलग सहा तास झोपलो. मात्र माझे प्रामाणिक मत असे आहे की, एसी हा घराचा खर्च आहे, तो घराच्या पैशांतून व्हावा. त्या खोलीत उद्या मुलगी येईल, पाहुणे झोपतील आणि दोन वर्षांत तो एसी कुणाच्या भिशीतून आला हे तुम्हीसुद्धा विसराल.

घ्यायचा झाल्यास शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला एक टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो. तापमान 24 अंशांवर ठेवून सोबत पंखा हळू सोडला तर बिल आवाक्यात राहते. महावितरणचे घरगुती दर 100 आणि 300 युनिटच्या टप्प्यांवर चढतात, तेव्हा खरेदीच्या वेळी किमतीइतकेच लक्ष वीजबचत दाखवणाऱ्या स्टारच्या चिठ्ठीकडे द्यावे. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, हाही दिलासा आहे. आणि त्याआधी एक स्वस्त उपाय अवश्य करून पाहा: मार्चमध्ये गच्चीवर चुन्याचे दोन हात मारून घ्या. आमच्या खोलीत त्याने जाणवण्याइतका फरक पडला होता.

कडक_भाकरी

अबोलीताई, तुमचा चादरीचा परिच्छेद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आमच्या साखर पेठेतल्या घरीही हेच होते.

फसलेला खर्च आधी सांगते. अकरा वर्षांपूर्वी मी हातमागाची पैठणी घेतली. वस्तू म्हणून तिच्यात काहीही खोट नाही. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर नक्षी मागूनही तितकीच रेखीव दिसते, मागे धागे लोंबत नाहीत, आणि ते पाहूनच मी ती घेतली होती. पण आजवर मी ती तीन वेळा नेसले. प्रत्येक वेळी वरणाचा थेंब पडेल, जरीची तार मोडेल, या काळजीत माझे लग्नातले जेवणही धड झाले नाही. ज्या बाईला पैठणी नेसून मोकळेपणाने वावरता येते तिने ती जरूर घ्यावी. तुम्ही स्वतःबद्दल जे लिहिले आहे त्यावरून ती तुमच्याही कपाटातच जाईल, असे मला वाटते.

सार्थकी लागलेला खर्च अगदी लहान आहे. तीन वर्षांपूर्वी मी ठरवून, आपल्याच गावातून, पहिल्या प्रतीच्या दोन सुती जेकार्ड (मागावरच नक्षी विणलेल्या) चादरी घेतल्या आणि त्या दिवशीच पलंगावर घातल्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले असूनही बाहेर तिच्या नावाने काहीही विकले जाते, म्हणून मी दुकानात चादर उलटून पाहिली. खऱ्या चादरीत नक्षी विणलेली असते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. एका बाजूला चॉकलेटी जमिनीवर पिवळा मोर असेल तर दुसऱ्या बाजूला पिवळ्यावर चॉकलेटी. शंका असेल तर काठाचा एक धागा काढून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून राख होते; पॉलिस्टर वितळून त्याची गुठळी होते. त्या चादरी पहिल्या पाच-सहा धुण्यांनंतर ज्या मऊ झाल्या, ते सुख मी रोज रात्री अनुभवते. तुमच्या वडिलांच्या मागावरून गेलेली चांगली चादर गावोगावच्या लोकांनी पांघरली. एक तुम्हीही पांघरावी, असे मनापासून वाटते.

खर्ज

अबोलीताई, आपण जी गोष्ट संकोचाने शेवटी लिहिली आहे तिच्याबद्दलच मला बोलायचे आहे. मी पंचवीस वर्षे गाणे शिकवतो. पैठणीविषयी आपण एक ओळ लिहिली आणि तानपुऱ्याविषयी चार. जी वस्तू नसतानाही आपण दोन वर्षे तिच्या सावलीत रोज अर्धा तास बसता, तिच्यावरचा खर्च उधळपट्टी कसा होईल?

मोबाइलवरच्या तानपुऱ्याला मी नावे ठेवणार नाही. प्रवासात मीही तोच वापरतो. पण तो आपल्याला आयता सूर देतो, आणि खऱ्या तानपुऱ्यावर तो सूर आपल्याला स्वतः लावावा लागतो. खुंटी पिळून तार जवळपास आणायची, घोडीखालचा (तारा ज्यावर टेकतात ती घोडी) मणी केसभर सरकवून ती नेमक्या सुरात बसवायची, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा घालून तो हळूहळू सरकवत जायचे. एका ठिकाणी आवाज अचानक उघडतो. तोवर ठसठस वाजणारी तार गुंजायला लागते, खर्जाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या ‘सा’च्या, तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. हीच जवारी. माझ्या विद्यार्थिनींना पहिल्यांदा तो गंधार ऐकू आला की, त्या छेडणे थांबवून माझ्याकडे पाहतात. कान तयार होतो तो या दहा मिनिटांच्या खटपटीत, आणि पुढचे गाणे त्या कानावर उभे राहते.

तानपुरा मिरजेहून घ्या. तिथे सतारमेकर घराण्यांत ही कला एकोणिसाव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आपल्याला कदाचित ठाऊक नसेल, पण त्या वाद्यांचे भोपळे आपल्याच जिल्ह्यातून, भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून जातात. कडू जातीचा हा भोपळा वेलावरच पूर्ण पिकू देतात, मग कित्येक महिने वाळवतात, तेव्हा कुठे तो कापण्याजोगा होतो. मी 2019 मध्ये एका विद्यार्थिनीसाठी 28,000 रुपयांना चांगला जनानी (बायकांच्या उंच आवाजासाठीचा, आकाराने लहान) तानपुरा आणला होता. भाव आता वाढले असतील, तरी आपल्या रकमेत चांगले वाद्य मिळावे. नक्षीकामाला पैसे देऊ नका, ते वाजत नाही. तबली (भोपळ्यावर बसवलेली लाकडी फळी) आणि दांडी यांचे लाकूड, खुंट्यांची पकड आणि घोडीची घासाई या तीन गोष्टींवर सगळा जीव असतो.

आपली पट्टी, म्हणजे आपण ‘सा’ कुठे धरता, ते कळवावे.

अबोली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. माळढोकदादा, एसी घराच्या खर्चातून घेण्याविषयी मी काल यांच्याशी बोलले. दिवाळीच्या बोनसमधून घेऊ, असे ठरले. तोवर गच्चीवर चुना मारून घेते.

कडक भाकरीताई, मी शनिवारी जाऊन चादर घेतली. दुकानदाराने घडी मोडून दोन्ही बाजू दाखवल्या, तेव्हा माझे बोट सवयीने चूक शोधत नक्षीवरून फिरत राहिले. चूक नव्हती. आईकडे घेऊन गेले, तिने काठ चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, “ह्यांच्या हातची अशीच असायची.”

खर्जसर, माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी, आहे. पुढच्या रविवारी पंढरपूर, सांगोला करून मिरजेला जायचे ठरवले आहे. आजवर दुसऱ्याच्या तानपुऱ्यावरच बसले असल्यामुळे पारख मात्र मुळीच नाही. दुकानात नेमके काय पाहावे?

खर्ज

काळी चार असेल तर जनानी तानपुराच घ्या. नुसते ऐकून ठरवू नका. जमिनीवर बसून वाद्य मांडीवर घ्या, दांडी खांद्याशी आणि कान दांडीजवळ राहील असे धरा आणि पाच मिनिटे न बोलता छेडत राहा. पंचम, मग जोडाच्या (एकाच ‘सा’च्या) दोन तारा, मग खर्ज, या क्रमाने सावकाश. चारही तारांची गुंज एकमेकींत मिसळते का, ते ऐका. एखादीच तार पुढे येऊन ओरडत असेल तर तिथल्या तिथे घोडी घासून द्यायला सांगा, कारीगर आनंदाने करून देतात. आपला ‘सा’ त्यावर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानात गायचा संकोच मात्र नको, तिथे सगळेच गातात.

परत येताना तारा थोड्या उतरवून घ्या. भोपळा हा सगळ्यांत नाजूक भाग आहे, धक्क्याने तडकतो. गाडीत मागच्या सीटवर वाद्य आडवे ठेवा आणि भोपळ्याखाली ती नवी चादर दुहेरी घडी करून घाला.