मागून गाडी अंगावर आली तर साईड द्यावी की अडून राहावे?

धागाकर्ता, लातूर :

गेल्या डिसेंबरमधील एका संध्याकाळची माझीच चूक येथे मांडतो आणि त्यावर आपली मते मागतो. गंगाखेडहून परळीकडे येत होतो. रस्त्याला दुभाजक नव्हता आणि हंगाम जोरात असल्याने ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागलेली होती. दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर कसाबसा ओलांडला, तोच मागून एक जीप अप्पर-डिपर मारत आणि सतत हॉर्न वाजवत अगदी बंपरला चिकटली. समोर रस्ता मोकळा होता. मी डावीकडे सरकून वेग थोडा कमी केला असता तर विषय तिथेच मिटला असता. पण त्याच्या हॉर्नचा मला राग आला आणि जीप उजवीकडून बरोबरीला येताच मी ॲक्सिलरेटर दाबला.

आम्ही दोघे शेजारी शेजारी धावत असताना समोरून दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेला एक मोटारसायकलस्वार आला. त्याला जागाच उरली नाही. तो साईडपट्टीवर उतरला, गाडी घसरली आणि तो पडला. जीप पुढे निघून गेली. मी थांबून मागे गेलो तेव्हा डांबरावर दुधाचा पांढरा ओघळ पसरत होता आणि तो माणूस रिकाम्या कॅनचे झाकण शोधत होता. त्याचा गुडघा खरचटला होता, एवढ्यावर निभावले. मी पैसे पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत. हँडल सरळ करेपर्यंत तुमच्या गाडीचे दिवे इकडे धरा, एवढेच तो म्हणाला.

आपल्याला ओलांडले जात असताना वेग वाढवू नये, हा वाहतुकीचा लिखित नियम आहे आणि तो मला पाठ होता. त्या दिवसापासून माझे मत असे झाले आहे की, रस्त्यावरच्या दांडगाईला दिलेले उत्तर आपल्या दोघांत कधीच राहत नाही, त्याची किंमत समोरून येणारा तिसराच कोणी मोजतो. म्हणून मागचा कितीही उद्धट असो, त्याला साईड द्यावी, त्याच्या नजरेला नजर देऊ नये, हातवारे करू नयेत आणि त्याला पुढे जाऊ द्यावे. आपले काय मत आहे?

प्रतिसाद, निवृत्त अभियंता, छत्रपती संभाजीनगर :

आपण चूक कबूल केलीत हे चांगलेच केले, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपण वेग वाढवायला नको होता, येथपर्यंत मी आपल्याबरोबर आहे. परंतु प्रत्येक सभ्य माणूस साईड देत राहिला तर रस्ता दांडगटांच्या नावावर कायमचा लिहून दिल्यासारखे होईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे धोकादायक वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद असून नियम मोडून ओव्हरटेक करणे त्यात स्पष्टपणे धरलेले आहे. कायदा एवढा सांगत असताना आपण केवळ मान खाली घालून बाजूला होणार असू, तर तो वापरणार कोण? गाडीत कॅमेरा बसवावा, क्रमांक टिपावा आणि तक्रार करावी.

शिवाय या चिडीचे मूळ नेहमी मागच्या गाडीत असते असेही नाही. समृद्धी महामार्गावर जालन्याच्या पुढे अनेकदा पाहतो की, कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर एखादा मालट्रक उजव्या मार्गिकेतून ६० च्या वेगाने निवांत चाललेला असतो आणि त्याच्यामागे दहा गाड्या खोळंबतात. डावीकडे न सरकणारा माणूसही दांडगाईच करत असतो, फक्त ती आवाज करत नाही.

धागाकर्ता :

उजव्या मार्गिकेबद्दलचा मुद्दा पूर्ण मान्य. तक्रारीलाही माझा विरोध नाही. ती गाडी थांबवून, शांतपणे, नंतर करावी एवढेच माझे म्हणणे आहे. गाडी चालवत असताना मोबाईल काढून मागच्याचे चित्रीकरण करणारे लोक मी पाहिले आहेत आणि ते पाहून मला जीपवाल्यापेक्षा त्यांचीच धास्ती वाटली.

प्रतिसाद, शिक्षिका, परभणी जिल्हा :

आपण दोघेही चारचाकीच्या काचेआडून बोलत आहात, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. मी रोज स्कूटीवरून शाळेत जाते-येते आणि साईड देण्याचा सल्ला मला वीस वर्षांपासून ऐकवला जातो आहे. साईड द्यायची ती कुठे? आमच्याकडे डांबराच्या कडेपासून साईडपट्टी चार-चार बोटे खाली गेलेली आहे, कारण खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दर वर्षी थोडी आणखी खचते. पावसात तर ती साबणासारखी होते. मागून हायवा हॉर्न देत आला म्हणून मी एकदा घाबरून खाली उतरले आणि पुन्हा वर चढताना चाक डांबराच्या कडेला घासत राहिले. हँडल झटक्याने वळवले असते तर मी थेट त्याच हायवाच्या चाकाखाली गेले असते. वेग पार कमी करून, मग तिरके होऊन वर चढायचे असते, हे मला पडल्यावर कळले.

म्हणून माझे मत आपल्या दोघांहून वेगळे आहे. मी रस्ता सोडत नाही आणि अडवतही नाही. डांबराच्या कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत राहते, वेग हळूहळू उतरवते आणि पुढे जागा मोकळी असेल तेव्हा हाताने खूण करते. मागच्याला माझ्यामुळे दहा सेकंद थांबावे लागते. तेवढे थांबणे हा माझा त्याच्यावर अन्याय आहे असे मला वाटत नाही. तुमचा तो दूधवाला पडला त्याचे कारण तुमची शर्यत होती हे खरे, पण त्याला पाडले त्या खचलेल्या पट्टीनेही, आणि तिच्याबद्दल या चर्चेत अद्याप कोणी अवाक्षर काढलेले नाही.

प्रतिसाद, निवृत्त एसटी चालक, अंबाजोगाई :

ताईंचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. मी लाल गाडी चालवली, त्यामुळे लोकांनी आम्हालाही दांडगट म्हटलेले आहे आणि काही वेळा ते खरेही होते. वेळापत्रक मागे पडले की पाय आपोआप जड होतो.

मला बोलायचे आहे ते अंतराबद्दल, कारण भांडणाचा निम्मा भाग तिथेच संपतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ ते ४० मीटर लागतात. म्हणजे झाले ७० मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. आता रात्री डिपरवर दिवा ठेवला तर साधारण ५० मीटरपर्यंतचेच नीट दिसते. मग मागे दिवा नसलेली, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेली उसाची ट्रॉली ५० मीटरवर दिसली तर काय करणार? म्हणून हंगामात अंधार पडला की मी काटा ६० च्या वर जाऊ देत नसे. मागून कोणी हॉर्न वाजवला तर वाजवू द्यायचा. मागचा फारच चिकटला तर मी पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवत असे. म्हणजे मला अचानक ब्रेक मारावा लागत नाही आणि तोही माझ्यावर आदळत नाही. त्याला शिकवण्यासाठी ब्रेक दाबून दाखवणारे लोक मात्र महामूर्ख. मागे दुचाकी असेल तर जीव घेणारे आहेत.

अभियंतासाहेबांना एक सांगावेसे वाटते. कॅमेरा अवश्य लावा, मात्र आरशात पाहायची सवय त्याहून आधी लावा.

प्रतिसाद, दुकानदार, बीड :

या धाग्यात मागच्या गाडीतला माणूस कोणीच नाही, म्हणून तो मीच होतो असे समजा. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या छातीत दुखू लागले तेव्हा त्यांना मागच्या सीटवर झोपवून मी बीडहून छत्रपती संभाजीनगरला निघालो होतो. गेवराईपासून पुढे अप्पर-डिपर देत, हॉर्न वाजवत गेलो. एका कारवाल्याने बराच वेळ साईड दिली नाही आणि शेवटी मी ओलांडले तेव्हा काच खाली करून त्याने मला शिवी दिली. अभियंतासाहेब, त्याच्याकडे कॅमेरा असता तर माझा क्रमांकही तुमच्या तक्रारीत गेला असता. बाहेरून उद्धट आणि घाबरलेला माणूस एकसारखाच दिसतो. तेव्हा साईड द्यावी, या मताला माझा पाठिंबा आहे, पण धागाकर्त्यांनी दिलेले कारण मला पटत नाही. दांडगटाला टाळायचे म्हणून नव्हे, मागचा कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसते म्हणून ती द्यावी.

प्रतिसाद, निवृत्त अभियंता, छत्रपती संभाजीनगर :

आपल्या वडिलांच्या वेळची आपली मनःस्थिती मी समजू शकतो. तरीही लिहितो की, अशा वेळी १०८ ला फोन करणे अधिक शहाणपणाचे असते, कारण रुग्णवाहिकेत डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो, आणि घाबरलेल्या मुलाच्या हातात स्टिअरिंग नसते. भावना खरी असली म्हणून समोरच्या दूधवाल्याला लागणारा धक्का हलका होत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हेच कारण लिहिलेले आहे. त्या वेगामागे कोणाचे कोणते कारण होते, हा रकाना त्या तक्त्यात नाही.

प्रतिसाद, दुकानदार, बीड :

१०८ ला फोन केला होता. गाडी यायला वेळ लागेल असे सांगितले गेले, म्हणून निघालो. आता तीच परिस्थिती आली तर निघेनच, पण स्टिअरिंग शेजाऱ्याच्या हातात देईन आणि मी मागे वडिलांजवळ बसेन. एवढा बदल मला मान्य आहे.

धागाकर्ता :

शिक्षिकाताईंचा मुद्दा माझ्या डोक्यात बसला आहे. परवा मुद्दाम त्याच ठिकाणी गाडी थांबवून उतरलो आणि साईडपट्टी पाहिली. बूट ठेवला तर घोट्यापर्यंतचा भाग डांबराच्या पातळीखाली जातो. छायाचित्रे काढून संबंधित कार्यालयाकडे लेखी अर्ज दिला आहे. पोच मिळाली आहे, काम झालेले नाही. अभियंतासाहेबांनी विचारण्याआधीच सांगतो, जीपचा क्रमांक मी टिपला नव्हता. मागची पाटी मातीने माखलेली होती आणि खरे म्हणजे त्या क्षणी मी पाटीकडे पाहतच नव्हतो, मी त्याला पुन्हा गाठता येईल का याचा विचार करत होतो. दूधवाला पडल्याचे मला आरशात दिसले, तेव्हा कुठे पाय ब्रेकवर आला.