तेहतीस मेसेज जातात, चौतिसावा अडकतो

शिलाईवाली, मंगळवार पेठ:
दिवाळीचे ब्लाऊज झालेत. पन्हाळ्याकडच्या बायकांकडं साधे फोन, म्हणून एसएमएसच पाठवते. रोज तेहतीस जातात, पुढं लाल उद्गारचिन्ह. फोन लागतात, रेंज फुल. दुकानदार म्हणतो मोबाईल बदला. आता काय करू?

रंकाळाकर:
ताई, दोनदा बंद-चालू करा. नाहीतर मेसेज सेंटरचा, म्हणजे ज्यातून कंपनी मेसेज पुढं पाठवते तो नंबर तपासा.

शिलाईवाली:
केलं की ते सगळं! सेंटरचा नंबर चुकीचा असता तर पहिला तरी गेला असता का?

गंगावेशकर:
बरोबर पकडलंत. मेसेज मराठीत आहे ना, आणि लांब? इंग्रजी अक्षरांत १६० मावतात, देवनागरीत फक्त ७०. लांबला की तुकडे पडतात, आणि एका तुकड्यात ६७च. काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळी मोजतात. पॅकमध्ये दिवसाला किती?

शिलाईवाली:
शंभर. मेसेज १८० अक्षरांचा भरला, पत्ता आणि दुकानाची वेळ धरून.

गंगावेशकर:
म्हणजे तीन तुकडे, आणि प्रत्येक तुकडा एक मेसेज धरतात. तेहतीस त्रिक नव्याण्णव, झाला कोटा! पुढच्यांना टॉकटाइम लागतो, तो शून्य असणार.

शिलाईवाली:
शून्यच आहे वो! आज सकाळी नवा कोटा मिळाल्यावर नुसतं ‘ब्लाऊज तयार आहे, घेऊन जा. मंगळवार पेठ.’ एवढंच टाकलं. राहिलेल्या सगळ्या बायकांना गेला. आता सगळ्या एकदमच दारात येणार, आणि दोघींच्या बाह्या राहिल्यात.