पाहण्याजोगे व्हिडिओ चॅनेल कोणते, आणि ते पाहून विषय समजतो का?

मूळ लेख

गेली काही वर्षे मी मोकळा वेळ विज्ञान आणि गणिताचे व्हिडिओ पाहण्यात घालवत आलो आहे. त्यांतले जे चॅनेल पुन्हापुन्हा उघडावेसे वाटले, त्यांची शिफारस करण्यासाठी हा धागा काढत आहे.

पहिले नाव गणिताच्या थ्रीब्लूवनब्राउन या चॅनेलचे. ग्रँट सँडरसन यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या या चॅनेलवरील आकृत्या त्यांनी स्वतः लिहिलेल्या संगणक प्रणालीतून तयार होतात. मॅट्रिक्स (संख्यांचा चौकोनी तक्ता) दिला की त्यातून काढायची निश्चयक (determinant) ही संख्या म्हणजे तिरप्या गुणाकारांची वजाबाकी, एवढेच मला ठाऊक होते. मॅट्रिक्समुळे प्रतल (सपाट पृष्ठभाग) ताणले जाते तेव्हा क्षेत्रफळ किती पट होते हे सांगणारी ती संख्या आहे, हे रेषीय बीजगणिताच्या त्यांच्या मालिकेत डोळ्यांनी पाहिले, आणि निश्चयक शून्य असणे म्हणजे सारे प्रतल एका रेषेत किंवा बिंदूत चेपले जाणे, हा अर्थ त्याच क्षणी उलगडला.

दुसरे पीरिऑडिक व्हिडिओज. नॉटिंगहॅम विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांसह २००८ मध्ये सुरू झालेल्या या चॅनेलवर ११८ मूलद्रव्यांपैकी प्रत्येकासाठी स्वतंत्र व्हिडिओ आहे. तिसरे प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी, जिथे एक माणूस अवाक्षरही न बोलता माती, लाकूड आणि दगडांपासून भट्टी, कौले आणि घर उभे करतो. त्यामागचे स्पष्टीकरण उपशीर्षकांत वाचायला मिळते.

प्रतिसाद १

आपल्या यादीतील चॅनेल सुंदर आहेत, पण त्यांची शिकण्यासाठी शिफारस करण्यास माझा विरोध आहे. ‘त्याच क्षणी उलगडला’ हे आपले शब्दच मला चिंताजनक वाटतात. व्हेरिटॅसियम हा चॅनेल चालवणारे डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ मध्ये पूर्ण केलेले पीएच.डी.चे संशोधन भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या व्हिडिओंवरच होते. सरळ, स्वच्छ स्पष्टीकरणाचे व्हिडिओ विद्यार्थ्यांना सुबोध वाटत, परंतु नंतरच्या चाचणीत त्यांची प्रगती फारशी दिसत नसे. ज्या व्हिडिओंत विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकीच्या समजुती आधी मांडून मग खोडलेल्या असत, ते त्यांना गोंधळात टाकणारे वाटत, आणि तरीही शिकणे त्यांतूनच अधिक होई. म्हणजे पाहताना वाटणारी सहजता हा समजल्याचा पुरावा नव्हे.

म्हणून मी ओपनकोर्सवेअर या अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या मोफत अभ्यासक्रम-संग्रहावरील गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणिताची व्याख्याने सुचवीन. ती १९९९ मधील आहेत, फळा आणि खडू एवढेच साहित्य, आणि एकेक व्याख्यान पाऊण तासाच्या आसपास चालते. पहिल्याच व्याख्यानात ते दोन अज्ञातांची दोन समीकरणे घेतात आणि ओळींकडून पाहिले तर दोन रेषांचा छेद, स्तंभांकडून पाहिले तर सदिशांची (लांबी आणि दिशा असलेल्या बाणांची) बेरीज, असे एकाच उत्तराचे दोन चेहरे दाखवतात. ते फळ्यावर लिहीत असतात तेवढ्या वेळात आपणही लिहू शकतो, हा त्या संथपणाचा मोठा लाभ आहे.

प्रतिसाद २

मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. एखादा चॅनेल पाहावा की नाही, हे तो चुकल्यावर काय करतो यावरून मी ठरवतो. विज्ञानाचे ॲनिमेशन-व्हिडिओ करणाऱ्या कुर्त्सगेझाग्ट या चॅनेलने २०१९ मध्ये आपले दोन जुने व्हिडिओ, एक व्यसनाधीनतेवरचा आणि एक युरोपातील निर्वासितांवरचा, स्वतःच्याच कसोटीला उतरत नाहीत असे जाहीरपणे सांगून काढून टाकले. लाखोंनी पाहिलेले काम असे मागे घेणे सोपे नसते.

याउलट नंबरफाइल या गणिताच्या चॅनेलच्या २०१४ मधील गाजलेल्या व्हिडिओत १, २, ३, ४ अशा सर्व नैसर्गिक संख्यांची बेरीज उणे एक-द्वादशांश येते असे दाखवले आहे. ही श्रेढी (ओळीने बेरीज करायच्या संख्यांची मालिका) अपसारी आहे, म्हणजे तिची बेरीज कोणत्याही ठरावीक संख्येकडे जात नाही, त्यामुळे नेहमीच्या अर्थाने तिला बेरीजच नाही. ते मूल्य झीटा फल नावाच्या, अशा श्रेढींशी जोडलेल्या गणिती फलाच्या विस्तारातून मिळते, आणि हा भेद न समजावता केलेली हातचलाखी नवशिक्याला चुकीच्या वाटेने नेते. २०१८ मध्ये मॅथोलॉजर या चॅनेलने त्याचे सविस्तर खंडन केले. ज्यांना श्रेढी शिकायच्या आहेत त्यांनी हे दोन्ही व्हिडिओ पाठोपाठ पाहावेत, कारण चूक नेमकी कोणत्या पायरीवर शिरली हे शोधताना अभिसरणाची (बेरीज एका ठरावीक संख्येकडे जाण्याची) व्याख्या मनात पक्की बसते.

मूळ लेखक

प्रतिसाद २ मधील जोडी मी यादीत घेतो. प्रतिसाद १ मधील संशोधनाचा निष्कर्षही मान्य आहे, परंतु त्यावरून निघणारे अनुमान मान्य नाही. क्षेत्रफळाचे ते चित्र डोळ्यांसमोर नसते तर मी निश्चयकाची उदाहरणे सोडवायला बसलोच नसतो. कुतूहल जागे होण्याआधी कुणी पाऊण तास फळ्याकडे पाहत बसेल, अशी अपेक्षा मला अवास्तव वाटते. शिवाय सँडरसन यांच्या त्या मालिकेतही अनेकदा थांबून विचार करण्यास सांगितलेले असते. न थांबणे हा पाहणाऱ्याचा दोष आहे.

प्रतिसाद १

दोष पाहणाऱ्याचा असला तरी आकर्षक गती त्याला न थांबण्याकडेच ओढते, हा माझा आक्षेप कायम आहे. कुतूहलाचा मुद्दा मात्र मी कमी लेखला होता. आपण पुढे उदाहरणे सोडवलीत, म्हणून एक विचारतो: व्हिडिओ बंद करून, कोऱ्या कागदावर, दोन मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा निश्चयक हा त्यांच्या निश्चयकांच्या गुणाकाराइतकाच का असतो, हे क्षेत्रफळाच्या भाषेत आपण इथे लिहून दाखवाल का? ते जमले असेल, तर त्या मालिकेवरचा माझा आक्षेप मी मागे घेईन.

मूळ लेखक

पहिल्या मॅट्रिक्सने प्रत्येक क्षेत्रफळ समजा ३ पट केले आणि त्यानंतर दुसऱ्याने जे समोर आले ते २ पट केले, तर एकूण ६ पट झाले. गुणाकार म्हणजे हीच दोन रूपांतरणे एकामागून एक करणे.