पोस्टरवर फेट्टे फ्राक्टुर: वापरावा की टाळावा?

अक्षरवेडा: बाखच्या संगीताच्या कार्यक्रमाचं पोस्टर करतोय. शीर्षकाला फेट्टे फ्राक्टुर लावला, तर सहकारी म्हणाला, ‘नाझी फाँट नको.’ मला हे अजिबात पटत नाही. हा ठसठशीत ब्लॅकलेटर (मध्ययुगीन वळणाची जाड, टोकदार अक्षरं; फ्राक्टुर हा त्यातलाच जर्मन प्रकार) योहान ख्रिस्तियान बाउअरचा, १८५०च्या सुमारासचा. हिटलर जन्मला १८८९ साली. गुटेनबर्गचं बायबलसुद्धा ब्लॅकलेटरमध्येच छापलेलं. उलट जानेवारी १९४१मध्ये हिटलरचा निकटचा सहकारी बोरमन याने परिपत्रक काढून ही अक्षरं ‘ज्यूंची’ ठरवली आणि मोडीत काढली.

ओळंबा: अर्धंच सांगताय. त्याआधीच्या आठ वर्षांचं काय? तेव्हा ‘जर्मन लिपी’ म्हणून याच अक्षरांचा उदोउदो चालला होता. टानेनबर्ग हा फाँट त्याच काळातला, बर्लिनच्या एस-बाह्न या शहरी रेल्वेच्या भुयारी स्थानकांवर आजही दिसतो. रस्त्यावरून जाणारा माणूस फाँटचा जन्मदाखला तपासत नाही. त्याला दिसतो तो दरारा.

अक्षरवेडा: टानेनबर्ग आणि फेट्टे एकाच मापाने मोजू नका. टानेनबर्गमध्ये वळणं छाटून ताठ खांब ठेवलेत. फेट्टेचा कॅपिटल ‘ए’ मोठा करून बघा: फुगीर पोट, बाकदार शेपटी, मध्येच केसासारखी बारीक रेघ. यात कवायत कुठे दिसते? फ्रांकफुर्टर अल्गेमाइने हे दैनिक निघालं १९४९ला, हिटलर गेल्यावर. त्याचं नाव आजही फ्राक्टुरमध्ये आहे, आणि अग्रलेखांचे मथळेही २००७पर्यंत होते.

शाईदौत: तुम्ही दोघं इतिहासावर भांडताय, पण वाचायचं कसं? तोच ‘ए’ नवखा माणूस ‘यू’ वाचतो. लहान ‘के’ आणि ‘टी’मध्येही गफलत होते. सगळं शीर्षक कॅपिटलमध्ये लावलंत तर वेलबुट्ट्या एकमेकींत अडकून काहीच कळणार नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या नावाला हे चालतं, कारण ते कुणी वाचत नाही, नुसतं ओळखतात.

अक्षरवेडा: शीर्षक चारच अक्षरांचं आहे, फक्त पहिलं कॅपिटल. तारीख, वेळ, तिकिटाचा दर साध्या रोमनमध्ये. बाखच्या काळी जर्मन मजकूर फ्राक्टुरमध्येच छापत, मग त्याला हाच शोभणार.

ओळंबा: बाख वारला १७५०ला. फेट्टे त्यानंतर शंभर वर्षांनी, जाहिरातींसाठी जाड केलेला. बाखच्याच लाइपझिगमधल्या छापखान्याच्या नावाचा ब्राइटकोप्फ फ्राक्टुर आहे, अंगाने सडपातळ. तो लावून बघा, मग माझी हरकत बरीच कमी होईल.

अक्षरवेडा: पंधरा फुटांवरून तो दिसणार नाही. फेट्टेच राहील.