मदत हवी आहे: कर्णबधिर मुलांसाठी क्रमान्वित अध्ययनाच्या चौकटी

नमस्कार मंडळी. मी नागपूरला एम.एड. करतेय. लघुप्रबंधासाठी सहावीच्या अपूर्णांकांवर क्रमान्वित अध्ययनाची (प्रोग्रॅम्ड लर्निंग, म्हणजे छोट्या पायऱ्यांनी मुलाने स्वतःच शिकायचं) पुस्तिका केली आहे, मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या रेषीय पद्धतीची, म्हणजे सगळ्यांना त्याच क्रमाने त्याच पायऱ्या. 48 चौकटी, प्रत्येकीत एक छोटी पायरी आणि एक गाळलेली जागा, पान उलटलं की उत्तर. एका कर्णबधिर शाळेतल्या आणि एका नेहमीच्या शाळेतल्या मुलांना तीच पुस्तिका देऊन पूर्वचाचणी-उत्तरचाचणीची तुलना करायची, असा बेत.

वाटलं होतं, ही पद्धत जणू कर्णबधिर मुलांसाठीच आहे. बाईंचे ओठ वाचायला नकोत, बाई फळ्याकडे वळल्या म्हणून काही हुकायला नको, ज्याचा त्याचा वेग. स्किनरलाही ही कल्पना 1953 मध्ये मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला बसल्यावरच सुचली ना!

पण मागच्या आठवड्यात सात मुलांवर करून पाहिलं. 'आठ भागांपैकी तीन भाग रंगवले' इथे एक मुलगी अडली. अंगठा नि तर्जनी घासून विचारते, पैसे कुठे आहेत? 'पैकी' तिने 'पैसे' वाचलं होतं. मग डब्यातलं संत्रं सोललं. दहा फोडी निघाल्या, तीन बाजूला ठेवल्या, तिने लगेच 3/10 लिहिलं. गणित येत होतं, माझं मराठी आडवं आलं.

दुसरा घोळ याहून वाईट. पुस्तिकेत जवळपास सगळं बरोबर, उत्तरचाचणीत अर्धं चूक. चौकटी पुन्हा पाहिल्या तर जाड ठशातला शब्द गाळलेल्या जागेत उतरवला की काम भागतं. वाचायची गरजच नाही! (ऐकू येणारी पोरंही हेच करतील, तिकडे अजून गेले नाही.)

आता भाषा सोपी करून फक्त कर्णबधिर मुलांना दिली तर तुलना कसली? आणि गट जुळवताना इयत्ता धरू की वय? त्या वर्गात बारा ते पंधरा वर्षांची मुलं एकत्र बसतात. मार्गदर्शक म्हणतात, "तू आधी लिही, मग बघू."

प्रतिसाद: ताई, पुस्तिका एकच ठेवा, दोन्ही गटांना सोपी. त्याने ऐकणाऱ्यांचं काही बिघडत नाही. खरी अडचण प्रत्ययांची. 'फोडींपैकी', 'संत्र्यातल्या' ही टोकं इतर मुलांच्या कानावर पडून पक्की होतात, आमच्या कर्णबधिर पोरांना ती बहुतेक कागदावरच भेटतात. जाड ठसे काढा. हिशेब केल्याशिवाय भरताच येणार नाही अशी जागा गाळा. अडणाऱ्यासाठी क्राउडरच्या शाखीय पद्धतीसारखी शाखा ठेवा: चुकीचा पर्याय निवडला की वेगळं पान, तिथे चित्र. गट पूर्वचाचणीच्या गुणांवर आणि रेव्हनच्या आकृत्यांच्या चाचणीवर जुळवा, तिच्या प्रश्नांत शब्दच नसतात. श्रवणऱ्हास कधीपासून, श्रवणयंत्र कधी लागलं, हेही नोंदवा. घरात खुणांची भाषा आहे का, तेही.

धागाकर्ती: आभार दादा, रेव्हन डोक्यातच आलं नव्हतं. शाखा सगळीकडे नाही जमणार, मार्चमध्ये प्रबंध द्यायचाय; जिथे पोरं अडली तेवढ्याच चौकटींना घालते. 'पैकी'ऐवजी 'एकूण भाग 8, रंगवलेले भाग 3' चालेल का?