कूलिंग टॉवरच्या एफआरपी पात्यांचे वजन सारखे येत नाही. हाताचे लेअप सोडून यंत्राकडे वळावे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीतील आमच्या छोट्या कारखान्यात कूलिंग टॉवरच्या पंख्यांची एफआरपी (काचतंतू आणि रेझिन यांची) पाती तयार होतात. बहुतेक मागणी साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांकडून येते. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होत असल्यामुळे पाती त्याआधी पोहोचवावी लागतात, आणि म्हणून आमचे सर्वाधिक काम जून ते सप्टेंबर या ऐन पावसाळ्यात होते. ही गोष्ट आरंभीच नमूद करतो, कारण पुढच्या प्रश्नाशी तिचा संबंध आहे असे मला वाटते.

पात्याची लांबी सुमारे १.८ मीटर आणि सरासरी रुंदी ३०० मिलिमीटर आहे. वरचे आणि खालचे आवरण दोन स्वतंत्र साच्यांत हाताने थर रचून (म्हणजे लेअप करून) घातले जाते. पाते चिकटू नये म्हणून साच्याला वॅक्स आणि पीव्हीए लावून ब्रशने जेलकोट (रेझिनचा बाहेरचा थर) देतो, त्यावर चौरस मीटरला ३०० ग्रॅमची मॅट (सुट्या काचतंतूंची चादर), ६०० ग्रॅमचे वोव्हन रोव्हिंग (जाड विणलेले काचकापड), ४५० ग्रॅमची मॅट आणि पुन्हा ६०० ग्रॅमचे रोव्हिंग असे थर येतात. मुळाकडे, म्हणजे जिथे पाते हबमध्ये बसते तिथे, एकदिशी काचकापडाचे जादा थर असतात. रेझिन आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर आहे. दोन्ही आवरणे जोडल्यावर आतल्या पोकळीत पीयू (पॉलियुरेथेन) फोम ओतला जातो.

पात्याचे अपेक्षित वजन ८ किलो आहे, प्रत्यक्षात ते साडेसात किलोपासून ८.६ किलोपर्यंत कुठेही येते. आतापर्यंत आम्ही वजन जुळणारी पाती एकत्र करून, टोकाच्या पोकळीत थोडे वजन घालून, प्रत्येक पंख्याचा संच संतुलित करून देत होतो आणि ते चालत होते. आता मात्र ग्राहकांची मागणी अशी आहे की एखादे पाते तुटले तर पूर्ण संच न बदलता तेवढेच पाते जागेवर बदलता आले पाहिजे, म्हणजेच आज दिलेले पाते आणि तीन वर्षांनी दिलेले पाते एकमेकांच्या जागी बसले पाहिजे. मागणी रास्त आहे. १ मीटर त्रिज्येवर केवळ १०० ग्रॅमचा फरक असला तरी मिनिटाला २५० फेऱ्यांच्या वेगात सुमारे ७० न्यूटनचे, म्हणजे सात किलो भाराएवढे, फिरते बल गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सतत पडत राहते, आणि हंगामाच्या मध्यावर पंखा बंद ठेवणे कोणत्याही कारखान्याला परवडत नाही.

यंत्रसामग्रीविषयी सल्ला देणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हांला स्वयंचलित लेअपकडे, म्हणजे रोबोच्या हाताने तंतूंच्या पट्ट्या साच्यावर बसवणाऱ्या यंत्राकडे, वळण्यास सुचवले आहे. माझे भागीदार त्यासाठी कर्ज काढण्याच्या विचारात आहेत. माझे मन तयार होत नाही, पण ‘नको’ म्हणण्याइतके तांत्रिक कारणही माझ्या हाती नाही. आमच्याकडचे कारागीर वर्षानुवर्षे हे काम करत आहेत. रोलर फिरवताना हवेचा बुडबुडा कुठे अडकला आहे हे त्यांना हाताला कळते. त्यांचे कसब टिकवून वजनातला फरक कमी करता आला तर मला तोच मार्ग अधिक योग्य वाटेल. जाणकारांनी कृपया सांगावे की आमच्या आकाराच्या भागाला असे यंत्र उपयोगी पडेल का, आणि नसेल तर हाताचे लेअप आणि ते यंत्र यांच्यामध्ये कोणती पायरी आहे.

पहिला प्रतिसाद

मी बंगळुरूला विमानांच्या संमिश्र (तंतू आणि रेझिन मिळून बनलेल्या) भागांच्या कामात आहे, म्हणून आधी यंत्राविषयी लिहितो.

आपण ज्याचा उल्लेख केला आहे त्याला आमच्याकडे एएफपी (ऑटोमेटेड फायबर प्लेसमेंट) म्हणतात. यात रेझिन आधीच मुरवलेल्या कार्बन तंतूंच्या अरुंद पट्ट्या, साधारणपणे ३.२, ६.३५ किंवा १२.७ मिलिमीटर रुंदीच्या, एकाच वेळी अनेक संख्येने साच्यावर दाबून बसवल्या जातात आणि प्रत्येक पट्टी यंत्र स्वतंत्रपणे कापते. बोइंग ७८७ च्या धडाचे प्रचंड नळकांडे अशा यंत्रांवर तयार होते. तिथे हे यंत्र शोभते, कारण भाग मोठा आहे, वळणे सौम्य आहेत, माल महाग आहे आणि वाया जाणारा प्रत्येक किलो मोजला जातो.

आपल्या पात्याच्या बाबतीत यातील एकही गोष्ट लागू होत नाही. यंत्राच्या डोक्यात कापणारे पाते आणि दाबणारा रोलर यांच्यात अंतर असते, त्यामुळे त्या अंतरापेक्षा लहान पट्टी त्याला घालताच येत नाही, आणि आपल्या मुळाकडचे जादा थर नेमके आखूड आहेत. पाते पिळदार असल्यामुळे पट्ट्यांना वळवावे लागेल. ६.३५ मिलिमीटरची पट्टी लहान त्रिज्येत वळवली की आतल्या कडेला तिला सुरकुती पडते. पट्ट्यांमध्ये फटी राहणे किंवा त्या एकमेकींवर चढणे हा वेगळाच अभ्यासाचा विषय आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही यंत्रे ओल्या पॉलिएस्टरसाठी नाहीत. आपल्याला प्रीप्रेग, म्हणजे रेझिन आधीच मुरवलेले तंतू, वापरावे लागेल, ते उणे १८ अंशांवर साठवावे लागेल आणि भट्टीत पक्के करावे लागेल. म्हणजे यंत्राबरोबर कच्चा माल, साठवण, साचे आणि पक्के करण्याची पद्धत हे सर्वच बदलेल.

हेही सांगतो की विमानाच्या कामातही हाताचे लेअप संपलेले नाही. तेजसच्या सांगाड्याच्या वजनात संमिश्रांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे, आणि या क्षेत्रात अवघड आकाराचे कितीतरी भाग आजही माणसे प्रीप्रेगचे थर हाताने लावून घडवतात. फरक इतकाच की कापड संगणकीय यंत्रावर कापले जाते, थरांना क्रमांक दिलेले असतात, आणि कोणता थर कुठे बसवायचा याची रेषा पुष्कळदा लेझरने साच्यावर दाखवली जाते. आपल्याला यंत्र घ्यायचेच असेल तर कापड कापण्याचे यंत्र पहिले घ्यावे असे माझे मत आहे. भागीदारांना मात्र कर्जाविषयी घाई करू देऊ नये.

दुसरा प्रतिसाद

वरच्या मताशी मी सहमत आहे. मी मात्र वजनातल्या फरकाविषयी लिहितो, कारण हा एक किलो कुठून येतो हे शोधल्याशिवाय कोणतीही पद्धत निवडणे योग्य होणार नाही.

आपल्या आकड्यांवरून दोन्ही आवरणांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १.०८ चौरस मीटर येते. जेलकोट ब्रशने दिला की कुठे ०.४ तर कुठे ०.६ मिलिमीटर जाडी सहज बसते, आणि या ०.२ मिलिमीटरच्या फरकाचे संपूर्ण पात्यावर वजन होते सुमारे २६० ग्रॅम. आतल्या पोकळीची सरासरी उंची २५ मिलिमीटर धरली तर तिचे घनफळ साडेतेरा लिटर भरते. ओतलेल्या फोमची घनता ४० ऐवजी ६० किलो प्रति घनमीटर झाली तर आणखी २७० ग्रॅम वाढतात. पीयू फोमचे फुगणे तापमानावर आणि मिश्रणावर अवलंबून असते, त्यामुळे एवढा फरक अशक्य नाही. म्हणजे आपला निम्मा फरक लेअपमध्ये नसून त्याच्या आधी आणि नंतर असू शकतो, आणि रोबो आणला तरी तो तसाच राहील.

उरलेला फरक बहुधा रेझिनचा आहे. काच साच्यावर कापून घातली जाते, तिचे वजन फारसे बदलत नाही. रेझिन मात्र कारागीर डोळ्यांनी ठरवतो. माझी सूचना अशी की प्रत्येक अर्ध्या आवरणाची काच आधीच कापून, वजन करून, एका पिशवीत ठेवावी आणि तिच्यासाठीचे रेझिनही तोलूनच द्यावे. मॅटला काचेच्या दुप्पट आणि रोव्हिंगला काचेइतके हे प्रमाण धरल्यास, मुळाकडचे थर मिळून, एका आवरणाला सुमारे १.९ किलो रेझिन लागेल. ते थरांप्रमाणे वेगवेगळ्या भांड्यांत विभागून दिले तर एका थरावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी असे होणार नाही. कारागिराच्या हातातले कसब यात कुठेही कमी होत नाही. त्याला फक्त अंदाज करावा लागत नाही.

पावसाळ्याचा आपला संशय बरोबर आहे. मॅट ओलावा धरते, म्हणून रोल बंद खोलीत, शक्य असल्यास दिवा लावलेल्या कपाटात ठेवावेत. तापमान दहा अंशांनी उतरले की रेझिन जेल होण्याची, म्हणजे घट्ट होऊ लागण्याची, वेळ ढोबळमानाने दुप्पट होते, आणि रेझिन पातळ राहिले की उभ्या कडांवरून खाली उतरून एका जागी साचते. त्यावर उपाय म्हणून एमईकेपी (रेझिन पक्के करणारा कॅटॅलिस्ट) १ ते २ टक्क्यांच्या मर्यादेतच बदलावे, त्याहून कमी घालून वेळ वाढवू नये, कारण मग रेझिन कायमचे कच्चे राहते. कोबाल्ट (पक्के होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आणि एमईकेपी कधीही थेट एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यातून स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळल्यावरच कॅटॅलिस्ट घालावे, हे नव्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे.

तपासणीसाठी ट्रिमिंगमध्ये निघालेले तुकडे जपून ठेवावेत. तुकडा तोलून मफल भट्टीत सुमारे ५६५ अंशांवर जाळला की रेझिन जाते आणि काच उरते, त्यावरून काचेचे प्रमाण नेमके कळते. पक्केपणासाठी बारकॉल कठीणता (पृष्ठभागाचा कडकपणा) मोजावी. आणखी एक गोष्ट: केवळ वजन जुळून उपयोग नाही. तोच पाव किलो मुळाशी असणे आणि टोकाशी असणे यांत मोठा फरक आहे. पाते एका टोकाला टेकूवर आणि दुसऱ्या टोकाला काट्यावर ठेवून त्याचा आघूर्ण (वजन गुणिले अंतर) मोजावा, आणि एक प्रमाण पाते कायमचे राखून प्रत्येक नवे पाते त्याच्याशी जुळवावे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. जेलकोट आणि फोम यांच्याकडे या दृष्टीने कोणी पाहिले नव्हते, आणि हा हिशेब मी भागीदारांपुढे ठेवणार आहे. काच आणि रेझिन तोलून देण्याची व्यवस्था आम्ही लगेच सुरू करू शकतो. एक प्रश्न उरतो. आमच्या कारागिरांना रेझिनमधून उडणाऱ्या स्टायरीनच्या वासाचा त्रास होतो, विशेषतः पावसाळ्यात दारे बंद असताना, आणि मला त्याची काळजी वाटते. यासाठी व्हॅक्यूम इन्फ्यूजनकडे (कोरी काच बॅगेत बंद करून, हवा काढून रेझिन आत ओढण्याच्या पद्धतीकडे) वळलो तर पात्याच्या रचनेत काही बदलावे लागेल का, की तेच थर तसेच वापरता येतील?

दुसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

तेच थर तसेच वापरू नयेत. इन्फ्यूजनमध्ये बॅगेतून हवा काढल्यावर काच वातावरणाच्या दाबाने घट्ट बसते आणि तिच्यात मावेल तेवढेच रेझिन शिरते, म्हणून वजन आपोआप एकसारखे येऊ लागते आणि स्टायरीनही बॅगेच्या आत राहते. पण त्याच काचेचे आवरण, जे हाताने सुमारे ३ मिलिमीटर होते, ते २ मिलिमीटरच्या आसपास उतरेल. काच तेवढीच असल्यामुळे संपूर्ण पात्याची ताठरता फारशी घटणार नाही, परंतु आवरण जागोजागी अधिक लवचीक होईल, आणि पाते हलके झाल्यामुळे त्याची स्वाभाविक कंपनसंख्या बदलेल. ती पंख्याच्या फेऱ्यांच्या किंवा त्यांच्या पटींच्या जवळ येत नाही ना हे तपासल्याशिवाय एकही पाते टॉवरवर चढवू नये. मुळाची जाडीही कमी होईल, म्हणून हबच्या पकडीत ते सैल बसणार नाही एवढे एकदिशी थर वाढवावे लागतील.

मॅटऐवजी शिवलेले द्विदिशी कापड घ्यावे, त्यातून रेझिन नीट वाहते. रेझिनही इन्फ्यूजनसाठी बनवलेले, पातळ आणि उशिरा जेल होणारे हवे. रेझिनची नळी उघडण्यापूर्वी पंप बंद करून गेजचा काटा किती उतरतो ते पाहावे. काटा स्थिर राहत नसेल तर गळती सापडेपर्यंत थांबावे. आपल्या साच्यांच्या कडा रुंद नसतील तर बॅगेची चिकटपट्टी बसवायला जागा मिळणार नाही, म्हणून जुन्याच साच्याला चारी बाजूंनी दीडशे मिलिमीटरची कड वाढवून आधी फक्त खालच्या आवरणावर प्रयोग करावा. जेलकोट पूर्वीसारखाच राहील, मात्र तो स्प्रेने द्यावा आणि ओला असतानाच जाडी मोजण्याच्या दातेरी पट्टीने तपासावा. स्प्रे करताना वाफ होतेच, तेव्हा तेवढ्या कामासाठी हवा ओढणारा पंखा आणि कार्बन फिल्टरचे मुखवटे ठेवावेत.

साच्याच्या कडेचे फोटो आणि हबच्या पकडीची मापे इथे दिलीत तर मुळाकडे किती थर वाढवावे लागतील याचा हिशेब मी मांडून देईन.